वरच्या वस्तीवरचा नळ

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही सात दिवस गाव झाडले, रोपे लावली आणि प्रमाणपत्रे घेऊन परतलो. याला सामाजिक बांधिलकी म्हणतात, पण माझ्या शिक्षणाशी तिचा संबंध मला लागत नाही. ती अभियंत्याला कशी कळावी?
— एक विद्यार्थी, सांगली जिल्हा

उत्तर : शिबिरातले श्रमदान मी कमी लेखत नाही, गावात मुक्काम केल्याशिवाय गाव कळत नाही. परंतु झाडू कोणालाही मारता येतो. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला किती दाब उरेल, हे मात्र तुम्हालाच काढता येते आणि तुमची जबाबदारी तिथून सुरू होते.

काही वर्षांपूर्वी माझे चार विद्यार्थी एका डोंगराळ गावाच्या नळयोजनेवर प्रकल्प करीत होते. माणशी दररोज ५५ लिटर पाणी, पुरेशी टाकी, जनगणनेतली लोकसंख्या, असा कागदावर सगळा हिशेब जुळत होता आणि अहवालही वर्गात बसूनच लिहून झाला होता. मी त्यांना पहाटे, पाणी सुटण्याच्या वेळी, वरच्या वस्तीवर पाठवले. तिथे एका घरच्या नळाखाली त्यांनी १५ लिटरचा हंडा लावला. तो भरायला नऊ मिनिटे लागली. पाणी तासभर येते, म्हणजे १०० लिटर. सहा माणसांच्या त्या घराला हवे होते ३३० लिटर. खालच्या आळीतल्या तोट्या उघड्या राहिल्या की तेवढेही येत नाही आणि मग थोरली मुलगी शाळा बुडवून विहिरीवर जाते, असे घरातल्या बाईंनी सांगितले. परतल्यावर मुलांनी वस्तीची उंची मोजली, दाबाचे गणित पुन्हा मांडले आणि व्हॉल्व्ह बसवून वरच्या वस्तीला पाणी आधी व स्वतंत्र वेळेत सोडावे, असे सुचवले. माझ्या दहा व्याख्यानांनी हे झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र १९८५ पासून आहे. राज्य शासनाच्या उन्नत महाराष्ट्र अभियानाचा हेतूही महाविद्यालयांनी आपल्या परिसरातले प्रश्न अभ्यासाला घ्यावेत, हाच आहे. तुमच्या महाविद्यालयात त्याची चौकशी करा आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून विकत आणू नका. ही प्रथा किती बोकाळली आहे, हे आपण दोघेही जाणतो.

या जबाबदारीला दुसरीही एक बाजू आहे आणि ती अधिक अवघड आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण, त्याचे काम पुरे झालेले नसताना पाणी साठल्यावर, फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आदल्या रात्री जवानांनी वाळूच्या पोत्यांनी बांध सावरून धरला होता, म्हणून निदान ती आपत्ती दिवसाउजेडी आली. मातीच्या धरणांचे प्रकरण शिकवताना आम्ही भरावाच्या उतारांची गणिते घालतो. पानशेतबद्दल मात्र पुष्कळदा चकार शब्द निघत नाही, याची मला खंत वाटते. काम अपुरे आहे, पाणी साठवू नका, असे वरिष्ठांना लेखी कळवण्याची तयारी विद्यार्थिदशेतच व्हायला हवी.

प्रश्न : मी संगणक शाखेची विद्यार्थिनी आहे. आमच्या कामात नळ किंवा धरण नसते. आम्ही काय पाहावे?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : महिन्यातून एकदा रास्त भाव दुकानाच्या रांगेत तासभर उभ्या राहा. शेतात किंवा बांधकामावर राबून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. तो बोट लुगड्याला किंवा धोतराला पुसून पुन्हा पुन्हा टेकवतो आणि मागची रांग कुरकुरते. ओळख पटली नाही, तर पुढे काय करायचे, हे त्या प्रणालीत कोणीतरी लिहिलेले असते किंवा लिहायचे राहिलेले असते. उद्या ती ओळ तुमच्याकडे येईल.