चाकूचं टेक्निक खरंच चालते का?

प्रश्न : सर, मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिरात पोरींना कराटे शिकवतो, फी घेत नाही. चाकूवाला आला की दोन्ही हात क्रॉस करून ब्लॉक, मग मनगट पिरगाळून चाकू काढून घ्यायचा, मी शिकलो तसंच शिकवत आलो. मागच्या रविवारी नववीतल्या एका पोरीने लाकडी चाकू घेतला अन् ठरल्याप्रमाणे एकदाच मारायच्या ऐवजी सटासट पाच-सहा वेळा खुपसला, मला एकही अडवता नाही आला. माझं चुकते का ती चुकीचं करत होती?

उत्तर : भाऊ, पोरगी बरोबर होती, अन् तुम्ही हे लपवलं नाही याचं मला फार बरं वाटलं.

क्लासमधे समोरचा एक वार करतो अन् हात तसाच लांब ठेवून आपली वाट पाहत उभा राहतो. खऱ्यात चाकू दिसतच नाही, मांडीमागे नाहीतर शर्टाखाली असतो, माणूस बोलत बोलत जवळ येतो, डाव्या हाताने गचांडी धरतो अन् उजव्याने आखूड आखूड वार करत सुटतो, हात जितक्या जोरात येतो तितक्याच जोरात मागे जातो, मग ते मनगट धरायचं कधी? कित्येकांना तर बुक्की लागली असंच वाटते, रक्त मागाहून दिसते.

जुनं सगळं टाकून द्या असं मी म्हणत नाही. ज्युदोची मूळ संस्था कोडोकान, तिने १९५६ मधे स्वसंरक्षणाचा काता, म्हणजे जोडीने करायच्या ठरलेल्या डावांचा संच, ठरवला त्यातही चाकू आहे, आपल्या आखाड्यात जंबिया आहेच. पण त्यात दोघांना वार आधीच माहीत असतो, त्यातून अंग कसं काढायचं ते कळते. तिथून पुढचं कोणी शिकवत नाही, ते तुम्ही शिकवा.

रबरी पाइपच्या तुकड्याला ओला गेरू लावा, जुनी पांढरी बनियन अन् डोळ्याला गॉगल घाला, अन् त्याच पोरीला सांगा ३० सेकंद थांबू नको. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बनियनवर अकरा डाग अन् मानेवर दोन, अन् मी तेव्हा पंधरा वर्षांपासून शिकवत होतो. त्या रात्री झोप नाही आली, कारण किती पोरांना मी खोटा भरवसा देऊन बसलो होतो.

गेरूत जे टिकते ते फार थोडं आहे. पहिलं म्हणजे अंतर. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मधे लिहून ठेवलं की माणूस २१ फूट दीड सेकंदात कापतो, तेवढ्याच वेळात सराव असलेला पोलीस बंदूक काढून जेमतेम दोन गोळ्या झाडतो. म्हणून पळणं हेच मेन टेक्निक, त्याची प्रॅक्टिस घ्या, ओरडत. मोबाइल, पोत मागत असेल तर फेकून द्यायची अन् उलट्या दिशेने पळायचं. पळता नाही आलं तर मधे काहीतरी आणा, खाट, सायकल, दप्तर, बैल हाकायची तुतारी. अगदीच धरलं तर चाकूचा हात दोन्ही हातांनी आपल्या छातीशी आवळून सोडायचाच नाही, गुडघा, डोकं, दात सगळं चालवायचं, अन् पकड सैल झाली की पळायचं. कापल्या जाईन हे पोरींना आधीच सांगा, म्हणजे रक्त पाहून हात गळणार नाहीत.

अन् दर रविवारी दहा मिनिटं रक्त थांबवणं घ्या. ओढणीची घडी जखमेवर दोन्ही हातांनी दाबून ठेवायची, पाहायला उचलायची नाही, चाकू रुतला असेल तर उपसायचा नाही, १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा.