सोडून गेलेल्यालाही गाठ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. सिडनीतले बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्स हे दोन रग्बी लीग क्लब एक होऊन झालेल्या वेस्ट्स टायगर्सच्या चाहत्यांवर काम करायचं ठरवलंस, हे उत्तम. पण प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, 'विलीनीकरण तुम्हाला मान्य होतं का?', काढून टाक. पंचवीस वर्षांनंतर लोक त्यावर आजचं मत सांगतील, त्या वेळचं नाही. त्याऐवजी तेव्हा समोर काय वाढून ठेवलं होतं ते आधी नीट समजून घे.

१९९५ पासून ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये टीव्हीच्या हक्कांवरून आणि पैशांवरून जी लढाई जुंपली, तिच्यामुळे १९९७ साली दोन स्पर्धा समांतर चालल्या. समेट होऊन १९९८ मध्ये एनआरएल ही एकच स्पर्धा सुरू झाली तेव्हा संघ झाले होते २०. ते २००० पर्यंत १४ वर आणायचे ठरले. निकष लावून गुण देणार, तळाचे बाहेर; दोन क्लब एकत्र आले तर मात्र जागा पक्की, वर आर्थिक मदतही. बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्स दोघेही १९०८ चे, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या वर्षापासूनचे. १९९९ च्या जुलैत त्यांनी हातमिळवणी केली. साउथ सिडनी या क्लबने एकत्र यायला नकार दिला. त्यांना काढून टाकलं, त्यांचे लोक हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले आणि २००२ मध्ये संघ परत आला. २०१४ ला तर ते विजेतेही झाले. वेस्ट्सच्या, म्हणजे वेस्टर्न सबर्ब्सच्या, जुन्या माणसाशी बोलशील तेव्हा हे ध्यानात ठेव. आपणही लढलो असतो तर? हे त्याच्या मनात असतंच, तोंडाने तो क्वचितच म्हणतो.

दुसरं असं, की तू 'चाहते' हा एकच रकाना केला आहेस. तो चालणार नाही. बाल्मेन म्हणजे बंदराकाठची गोदी कामगारांची वस्ती. तिथे कोळशाची खाणसुद्धा होती. आज त्याच गल्ल्यांतली घरं कामगाराने स्वप्नातही घेऊ नयेत अशा किमतींची आहेत. वेस्टर्न सबर्ब्सचं तर घरच हलत राहिलं. ॲशफील्ड, मग लिडकम, आणि १९८७ पासून शहराच्या नैऋत्य टोकाला कॅम्पबेलटाउन. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे प्रशिक्षक रॉय मास्टर्स यांनी आपल्या पोरांना 'फायब्रो' म्हणून पेटवलं आणि प्रतिस्पर्धी मॅन्ली संघाला 'सिल्व्हरटेल्स', म्हणजे श्रीमंत, म्हटलं. फायब्रो म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याची स्वस्त घरं. गरिबीची लाज वाटायची तिथे तिचाच झेंडा झाला. हे ज्यांनी तरुणपणी अनुभवलं त्यांना बाल्मेनचा केशरी रंग अंगावर घालायला सांगणं म्हणजे नुसता कपडा बदलणं नव्हे.

आणि एक व्यावहारिक सूचना: सध्याच्या पिनकोडवरून माणसाची बाजू ठरवू नकोस. गोदी कामगाराचा नातू आता कॅम्पबेलटाउनच्याही पलीकडे राहत असेल आणि बाल्मेनचं मैदान असलेल्या लायकार्टच्या टेकडीशेजारी राहणारा कदाचित मेलबर्नहून आलेला असेल. आजोबांचा पत्ता विचार.

दोन गणेश मंडळं एक झाली की मूर्ती कुठे बसवायची हे एका बैठकीत ठरतं, पण पावतीपुस्तकावर कुणाचं नाव आधी यावरून वर्षानुवर्षं कुरकुर चालते. इथेही तसंच आहे. नावातलं 'वेस्ट्स' एकाचं, 'टायगर्स' दुसऱ्याचं. काळा रंग दोघांचा, पांढरा एकाचा, केशरी दुसऱ्याचा. पहिले प्रशिक्षक वेन पीअर्स, बाल्मेनचे. त्यांच्यानंतर टेरी लँब, ज्यांची कारकीर्द वेस्ट्समधून सुरू झाली. लायकार्टला किती सामने, कॅम्पबेलटाउनला किती, हे लोक दरवर्षी मोजतात. बाल्मेनचा लीग्ज क्लब, म्हणजे संघाला पैसा पुरवणारा सभासदांचा क्लब, आर्थिक गर्तेत गेल्यापासून मालकीतला फार मोठा हिस्सा वेस्ट्सच्या बाजूकडे आहे. पण लायकार्टच्या मैदानातल्या टेकडीला नाव वेन पीअर्सचं, स्टँडला कीथ बार्न्सचं, दोघेही बाल्मेनचे, म्हणजे पैसा एकीकडे आणि आठवणींचा पत्ता दुसरीकडे. या भांडणाला क्षुल्लक समजू नकोस. जे मोजतात ते अजून आत आहेत.

नाव बदललं की काय होतं याची रंगीत तालीम बाल्मेनने आधीच करून पाहिली होती. १९९५ आणि १९९६ असे दोन हंगाम ते 'सिडनी टायगर्स' म्हणून पॅरामॅटाच्या मैदानावर खेळले आणि १९९७ ला मुकाट्याने जुन्या नावाने लायकार्टला परतले. हा दोन वर्षांचा तुकडा तुझ्या आराखड्यात नाही. माझ्या मते तो पूर्ण प्रकरणाचा ऐवज आहे.

सेंट जॉर्ज इलावारा या दुसऱ्या विलीन संघाला तळटीपेत ठेव. त्या जोडीत एकाकडे १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदं आणि दुसरा १९८२ ला आलेला, एकही विजेतेपद नसलेला. तिथे तराजूच वेगळा. नॉर्थ सिडनी आणि मॅन्लीचं मात्र सविस्तर वाच. शेजारचे हाडवैरी 'नॉर्दर्न ईगल्स' म्हणून २००० ते २००२ कसेबसे एकत्र नांदले. मॅन्ली आपलं नाव घेऊन परत आली, नॉर्थचे बेअर्स वरच्या स्पर्धेतून पुसले गेले. आता २०२७ पासून 'बेअर्स' हे नाव पर्थहून मैदानात उतरणार आहे, सिडनीपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरून. नॉर्थ सिडनीच्या सत्तरीतल्या म्हाताऱ्याला तो संघ आपला वाटेल का, हे त्याला विचारायची संधी पुन्हा मिळायची नाही.

आता मुख्य गोष्ट. तू सगळ्या मुलाखती सामन्याच्या दिवशी, दाराशी उभी राहून घेणार आहेस. तिथे कोण भेटणार? जे राहिले ते. जे १९९९ नंतर आलेच नाहीत ते त्या दाराशी नाहीत, आणि त्यांनी दुसरा संघही धरला नाही. माझ्या लेखी तेही निष्ठावानच. वेस्टर्न सबर्ब्सचा मॅगपाइज संघ अजून खालच्या स्पर्धेत खेळतो. काळ्या जर्सीवर पांढरा 'व्ही'. तिथे जा. शनिवारी सकाळी पोरांच्या सामन्यांना जा.

मधली माणसंही पुष्कळ आहेत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वेस्ट्सची सभासदी कधी मोडली नाही. ते कॅम्पबेलटाउनचा एकही सामना चुकवत नाहीत, लायकार्टला पाऊल टाकत नाहीत. केशरी काही अंगावर चढवत नाहीत, पण नातीला केशरी-काळी जर्सी त्यांनी स्वतः घेऊन दिली. २००५ च्या ग्रँड फायनलचा विषय निघाला, की बेंजी मार्शलने पाठीमागून टाकलेला तो पास आणि पॅट रिचर्ड्सची धाव ते हाताने करून दाखवतात. वेस्ट्स टायगर्सचा काउबॉइज संघावर ३०-१६ असा विजय. वेस्ट्सला १९५२ नंतर काही मिळालं नव्हतं, बाल्मेनला १९६९ नंतर. त्या संध्याकाळी ते कुणाचे होते, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस, बोलू दे.

नातीच्या पिढीला मात्र वेगळं विचारावं लागेल. तिला जुना क्लब नाहीच, हाच तिचा पहिला. २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं तळाला राहूनही ती का जाते? 'तेव्हा आणि आता' अशा चौकटीत तिचं उत्तर मावणार नाही.

तर कामाला लाग. लूमिया स्टेशनवर उतर, कॅम्पबेलटाउनचं मैदान तिथेच आहे. रेकॉर्डर खिशात ठेव, आधी बसून सामना बघ. प्रश्न तीनच ने: कुणाबरोबर जायचात, कुठे बसायचात, आणि २००० साली रविवारी दुपारी काय करायचात. पहिल्या पाच मुलाखती न सजवता, अडखळण्यांसकट उतरवून मला पाठव. त्या वाचल्याशिवाय आराखड्यावर मी सही करणार नाही.

तुझा,
काका