तिसऱ्या कौलानंतर

"ताई, मी माण तालुक्यातला, वय 31. सात वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करतोय. दोनदा मुख्य परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन थोडक्यात हुकलं. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. धाकटा भाऊ शेती बघतो आणि महिन्याला 9 हजार पाठवतो. आईने भैरोबाला कौल लावला, म्हणजे मूर्तीला फूल चिकटवून विचारलं, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार (पहिला डावा पडला, दुसऱ्यांदा फूल हललंच नाही, मग तिसऱ्यांदा उजवा). ती म्हणते, सोडू नकोस. रूममेट 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हणून दाखवतो आणि गावी जा म्हणतो. आम्ही माळकरी. देवाच्या मनात काय आहे, ते ओळखायचं कसं? कधी कधी रात्री वाटतं, सकाळ होऊच नये."
– एक वाचक

बाळा,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. सकाळ होऊ नये असं वाटत असेल, तर आधी 14416 लाव. ही सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. रात्री-अपरात्री कधीही चालू असते, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. त्या रूममेटलाही हे एवढं वाक्य ऐकव. अभंग म्हणणारा पोरगा आहे, ऐकेल. माझं पुढचं पत्र उद्या वाचलंस तरी चालेल.

आता कौल. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकलीस, हे मला आवडलं. लपवायची होती, पण लपवली नाहीस. आईला मी नावं ठेवत नाही. आमच्या सासूबाई तर डावं फूल पडलं की "गुरवांनी पाणी कमी लावलं" म्हणायच्या आणि पुन्हा लावायला सांगायच्या. पण जो कौल मानतो, त्याने पहिला मानायचा असतो. तिसरा कौल देवाचा नव्हता रे, तो तुझ्या आईच्या मायेचा होता. तो जपून ठेव, पण त्यावर वर्षं लावू नकोस.

रूममेटला सांग, "असाध्य ते साध्य करिता सायास" हेही तुकोबांचंच आहे. एकाच गाथेत दोन्ही सापडतात. म्हणजे ज्याला जे करायचंय, त्याला तशी ओळ मिळते. म्हणून ओळी राहू देत, तुकोबांनी केलं काय ते बघू.

घरात सावकारी होती. दुष्काळात सगळं गेलं, बायको-मूल गेलं. मग लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट तू कीर्तनात शंभरदा ऐकली असशील. पण त्यातला एक बारकावा कीर्तनकार घाईत सोडून देतात. सगळी खतं नाही बुडवली. परंपरा असं सांगते, की अर्धी खतं त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची नदीत सोडली. भाऊ म्हणाला, मला संसार करायचाय. तर याने त्याला वैराग्य शिकवलं नाही. पुढे त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवायची वेळ आली, तेव्हा मात्र हाच माणूस काठावर धरणं धरून बसला, तेही 13 दिवस. सोडलं तेही आपलं आणि धरून बसला तेही आपलंच. भावाच्या ताटातलं दोन्ही वेळा काही घेतलं नाही.

आता तुझ्या पत्रात धाकटा भाऊ किती आहे ते बघ. एक वाक्य, तेही रकमेपुरतं. सात वर्षं, महिन्याला 9 हजार, म्हणजे साडेसात लाखांच्या वर. माणदेशात एवढे पैसे किती पावसांचे असतात, हे मी तुला सांगायचं? त्याचं लग्न झालं का, त्याला काय करायचं होतं, तू लिहिलंच नाहीस. तू चिकाटी म्हणतोयस ती निम्मी त्याची आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. अभ्यास सोडायचा की नाही, हे आज ठरवू नकोस. भावाच्या पैशांवरचा अभ्यास मात्र या महिन्यात थांबव. खुल्या गटाला 38 पर्यंत वय चालतं, असा हिशेब तू करत असशील, म्हणून सांगते, तेवढं वय परीक्षेला चालतं, भावाला चालेलच असं नाही. अभ्यासिकेत, क्लासमध्ये पेपर तपासायला, मुलांना शिकवायला तुझ्यासारखी मुलाखतीपर्यंत गेलेली मुलं लागतात. गट ब, गट कच्या परीक्षा तू 'आपल्या लेव्हलच्या नाहीत' म्हणून सोडल्या असशील, तर त्याही भर. सहा महिने स्वतःच्या कमाईवर जग आणि वर्णनात्मक उत्तरं लिहून जाणत्या माणसाकडून तपासून घे. संध्याकाळी दमून आल्यावरही लिहावंसं वाटलं, तर एक प्रयत्न कर. नाही वाटलं, तर तेही तुला कळेल, आणि त्यासाठी गुरव लागणार नाही.

तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी जाऊन ये. एरवीही जा, गर्दी नसते. काही मागू नकोस, कौलही विचारू नकोस. नुसता बस.

त्याआधी भावाला फोन कर. पैसे पोचले हे सांगायला नको, "तुझं काय चाललंय" हे विचारायला. वीज रात्रीची असेल तर तो मोटार चालू करायला मळ्यात गेला असेल. तेव्हा कर, आई शेजारी नसते.

– तुझी ताई