कोकणात पावसाळ्यात ५०० रातकिडे एकदम मागवले तर घरात कसे ठेवायचे?

तुम्ही तुमच्या ड्रॅगनला, म्हणजे पाळलेल्या परदेशी सरड्याला, खायला मागवलेले रातकिडे मेले आणि विक्रेत्यानं "कोकणच्या दमट हवेत रातकिडे जगतच नाहीत" असं सांगितलं, हे वाचलं आणि लिहायला बसले. हे साफ खोटं आहे. जांभ्याच्या गडग्यात, भाताच्या खळ्यात, न्हाणीच्या कोपऱ्यात रातकिडे आपल्याकडे मजेत जगतात. मरतात ते कोंडलेल्या डब्यात. तुमचे अर्धे तिसऱ्या दिवशी मेले आणि घाण वास सुटला, याचा अर्थ डब्यात हवा खेळत नव्हती. विष्ठा आणि मेलेले किडे ओले झाले की अमोनिया सुटतो. झाकण घट्ट असलं की तो आतच राहतो आणि उरलेल्यांचाही जीव घेतो. बाहेरची हवा आपल्याला बदलता येत नाही, डब्यातली ओल मात्र आपल्या हातात असते.

डबा साधा प्लास्टिकचा, गुळगुळीत भिंतींचा, दीडेक फूट उंच. ५०० ला ५० लिटरचा पुरतो. झाकणाचा बराचसा भाग कापून तिथं धातूची बारीक जाळी बसवा, बाजूलाही एक खिडकी काढा. नायलॉनची जाळी ते कुरतडून बाहेर पडतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, म्हणजे घाण खाली पडते आणि तळ झाडून घेता येतो. तळाला भुसा, माती काही घालू नका. पाण्याची वाटी नको, पिल्लं बुडतात. इंटरनेटवर रोज फवारा मारा म्हणून सांगतात, ते कोरड्या हवेतल्या लोकांसाठी. गाजराची किंवा दुधीची फोड सकाळी टाकायची आणि संध्याकाळी काढायची, एवढं पाणी त्यांना पुरतं. हीटरचा विचारही करू नका. २५ ते ३० अंश त्यांना हवं असतं, ते आपल्याला किनाऱ्यावर फुकट मिळतं.

डबा घरात कुठं ठेवायचा, हे तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्या मते सगळं तिथंच ठरतं.

आमच्याकडे तो पडवीत असायचा, वारा लागेल आणि झड येणार नाही अशा कोपऱ्यात. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी आली. पडवीतच अंथरुणं पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी म्हणाली, "गे बाय, रातभर निसती किर्रकिर्र, झोप खंय येता!" तिचं बरोबर होतं, तेव्हा माझ्याकडचे सगळे किडे पंख फुटलेले, म्हणजे ओरडायच्या वयाचे होते. मी डबा माजघराच्या मागच्या खोलीत हलवणारच होते. पण त्या रात्री भजन संपल्यावर दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, कुणाला न विचारता तो उचलून मांगरात, म्हणजे गुरांच्या-गवताच्या खोपटात नेला. मुंग्या लागू नयेत म्हणून डब्याच्या कडेला मुंग्यांच्या खडूची जाड रेघ ओढली. शेजारी वासरू बांधलेलं, त्याला डास चावू नयेत म्हणून मच्छर अगरबत्तीही लावली. त्याचा हेतू चांगला होता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.

सकाळी डब्यातले जवळजवळ सगळे किडे उताणे पडलेले, काही अजून पाय झटकत होते. आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना, कोकणच्या हवेत ही थेरं चालत नाहीत." तेव्हापासून घरात चार माणसं जमली की हे वाक्य निघतंच. आता तुमचा विक्रेताही तेच म्हणतो.

ते हवेनं झालं नाही. खडूत आणि मच्छर अगरबत्तीत पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात. ती किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करतात. किडा लडखडतो, उताणा होतो, पाय झटकत मरतो. रातकिडा हाही कीटकच, त्याला ती वेगळी कशी वागवतील? ओलीनं आणि घाणीनं जातात तेव्हा ते रोज थोडे थोडे जातात, मऊ आणि काळे पडतात, वास मारतात. त्या सकाळी डब्याला वास नव्हता. त्याच भाद्रपदात मी नवे किडे मागवले, नव्या डब्यात, त्याच पडवीत ठेवले. ते जगले. ओल्या काथ्याच्या भुशाच्या डबीत त्यांनी अंडी घातली आणि पिल्लंही निघाली. हवा तीच होती, पाऊसही तोच.

तेव्हा तुम्ही पहिलं काम हे करा: घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की त्या खोलीत अगरबत्ती, लिक्विडचं मशीन, झुरळांचा फवारा, खडू, काही लावायचं नाही. तुमच्या ड्रॅगनच्या खोलीतही नाही. मुंग्यांसाठी डबा स्टुलावर ठेवा आणि स्टुलाच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या. जुन्या घरांत जाळीच्या कपाटाखाली असायच्या तशाच. मांगर नकोच. तिथं मुंग्या, पाली आणि ओलं गवत, तिन्ही असतात.

आवाजाचं म्हणाल तर ओरडतो फक्त प्रौढ नर, पुढचे पंख एकमेकांवर घासून. म्हणून बिनपंखांचे, अर्धवट वाढलेले मागवा. घर शांत राहतं आणि किडे टिकतातही जास्त. पंख फुटल्यावर त्यांचं आयुष्य काही आठवड्यांचंच उरतं, विक्रेत्याकडून ते म्हातारेच आले असतील तर तुम्ही काय करणार? हे मी दादाला त्याच दिवशी सांगितलं होतं, त्यानं ऐकून घेतलं नाही.

खायला गव्हाचा कोंडा आणि कोंबडीच्या पिल्लांचं औषध न घातलेलं खाद्य. सुकटीचा भुगा घालू नका, खारट असतो आणि वासावर मुंग्या येतात. ड्रॅगनला देण्याआधी दिवसभर शेवग्याचा पाला खाऊ घाला, त्यात कॅल्शियम भरपूर. अळू आणि पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. तरीही देताना वरून कॅल्शियमची पावडर लावावीच लागते, रातकिड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम फारच कमी.

काही गोष्टी राहिल्या. जुन्या आणि नव्या किड्यांचे डबे वेगळे ठेवा. पाळीव रातकिड्यांत डेन्सोव्हायरस नावाचा एक विषाणू पसरतो, २०१० च्या सुमारास त्यानं अमेरिकेतले रातकिड्यांचे काही फार्म बंद पाडले होते. त्यावर औषध नाही, त्यामुळे वरचं सगळं करूनही एखादी खेप जाऊ शकते. बागेतले किडे पकडून घालू नका, मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी झालेली फवारणी त्यांच्या अंगावर असू शकते. आणि मी हे परदेशी, कागदपत्रं असलेल्या सरड्यांबद्दलच लिहिलंय. घोरपडीचं पिल्लू सापडलं म्हणून कुणी पाळत असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब किडा देऊ नका. रात्री दिवा बंद करण्याआधी उरलेले सगळे काढून घ्या, भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्याला चावतात.