जर्मनीला निघालात? आधी भिंतीवरचा नेटचा सॉकेट बघा

लातूर-नांदेडला केबलवाल्याला फोन केला की पोरगं येऊन वायर ओढून जातं. जर्मनीत तसं नाही, भाऊ. टेक्निशियनची तारीख मिळायलाच कधी कधी आठवडे जातात. घराचा करार झाला की त्याच दिवशी नेटचा अर्ज टाका, तोवर प्रीपेड सिमच्या हॉटस्पॉटवर भागवा.

घरमालकाकडून सॉकेटचा फोटो मागवा. तीन उभ्या खाचा असतील तर टेलिफोनची तार, म्हणजे डीएसएल. गोल भोकं आणि त्यातलं एक आट्यांचं असेल तर केबल. केबलचा आकडा मोठा दिसतो, पण लाइन शेजाऱ्यांत वाटलेली असते. रात्री आठला मंदावते, अपलोडही तोकडा. डीएसएलच्या 50 एमबीपीएसला अपलोड साधारण 10 मिळतो. आईशी व्हिडिओ कॉलला 3-4 पुरतात, उगाच 1000 चा प्लॅन कशाला?

100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट; 8 बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला 12.5 एमबी (मेगाबाइट). डाउनलोडचा आकडा बघून फसवलं म्हणू नका.

करार बहुतेक 24 महिन्यांचा असतो. वर्षभरासाठीच जात असाल तर जोडणीचे पैसे जास्त लागले तरी महिन्याच्या मुदतीचाच घ्या. आणि घरचा फायबरचा डबा (मोडेम) बॅगेत कोंबू नका. डीएसएलच्या तारेला तो लागतच नाही.