गळाला लागला म्हणजे पकडला का?

मागच्या अंकात गळाने मासे पकडण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला, आणि त्यातली निम्मी पत्रं म्हणजे निव्वळ भांडणं आहेत, दोघांनी पैज लावायची आणि पंच आम्हाला करायचं. पंच व्हायला आपल्याला आवडतं, तर घ्या.

प्रश्न: दादा, लाईन गुंडाळत होतो आणि गळ एका माशाच्या शेपटीजवळ रुतला. जाम ओढाओढ झाली पण काढला बाहेर, चांगला मोठा होता. मित्र म्हणतो हा मोजायचा नाही. मेहुणा म्हणतो गळाला लागला तो आपला. कोणाचं खरं?

मित्राचं. मेहुण्यांना राग येईल पण इलाज नाही. गळाच्या मासेमारीत सगळी गंमत एकाच क्षणात असते, मासा आमिष बघतो, जवळ येतो आणि मग एकतर तोंडात घेतो नाहीतर वळून चालता होतो. तो चालता होऊ शकतो म्हणून तर याला खेळ म्हणायचं ना. तुमच्या माशाने आमिष कदाचित बघितलंही नसेल, बिचारा आपल्या वाटेने चालला होता आणि मधे तुमचा गळ आला. आणि ती जी जाम ओढाओढ झाली ना, त्यातली बरीचशी त्यामुळेच. गळ तोंडात असला की माशाचं डोकं आपल्याकडे वळवता येतं, शेपटीकडे असला की त्याचं डोकं मोकळं राहतं आणि तो सगळी ताकद लावून उलट्या बाजूला पळतो, मग छोटा मासासुद्धा राक्षस वाटतो.

आता मुद्दाम केलं की चुकून झालं हा वेगळा मुद्दा. जड शिसं आणि तीन टोकांचा गळ कळपात टाकून झटके मारत ओढणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल मी फार बोलत नाही, माझं बीपी वाढतं. तुमचं तसं नव्हतं. गळाच्या मासेमारीचे जागतिक विक्रम ठेवणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन आहे, १९३९ पासूनची, तिच्या नियमांतसुद्धा मुद्दाम बाहेरून अडकवलेला मासा बाद असंच म्हटलंय. अलास्कात मात्र गोड्या पाण्यात हेतू कोणी विचारत बसत नाही, तोंड सोडून दुसरीकडे कुठेही गळ लागला की मासा ताबडतोब सोडायचा, विषय संपला. मला हे बरं वाटतं, कारण 'अहो चुकून लागला' हे तर प्रत्येकजण म्हणणार.

आणि सगळ्यात चावट प्रकार सॅमनच्या नद्यांवर चालतो. पॅसिफिक सॅमन अंडी घालायला नदीत शिरला की त्याचं खाणं बंद होतं, कधीतरी चिडून आमिषाला चावतो तेवढंच. मग काही हुशार मंडळी लांबलचक लाईन प्रवाहात आडवी वाहू देतात, मासा तोंड उघडझाप करत असतो त्यात ती लाईन सरकते, आणि मग ओढली की गळ जबड्याला बाहेरून येऊन लागतो. फोटोत वाटतं, वा, तोंडात लागलाय! नीट बघा, टोक बाहेरून आत गेलेलं असतं. माशाने काही घेतलेलंच नाही.

मोठ्या कृत्रिम आमिषाला दोन-तीन गळ असतात, त्यातला एक तोंडात आणि दुसरा कल्ल्यापाशी लागला तर माझ्या मते तो मासा चोख, हल्ला त्यानेच केला होता. फक्त तिथला कायदा काय म्हणतो ते आधी बघा, कायद्यापुढे माझं मत फिकं.

प्रश्न: मासा लागला तेव्हा मी फोनवर बोलत होतो. मोठ्या भावाने माझा रॉड उचलून झटका दिला आणि मग माझ्या हातात दिला. पुढची सगळी झुंज माझी. मासा कोणाचा?

विक्रमाच्या वहीत कोणाचाच नाही. वर सांगितलेल्या संस्थेचा नियम असा की माशाने आमिष घेतल्यापासून रॉड, रील, लाईन यांना दुसऱ्या माणसाचा हातसुद्धा लागता कामा नये, शेवटी मासा जवळ आल्यावर जाळी धरायला किंवा टोकाची जाड लाईन पकडायला मदत चालते. म्हणजे तुमच्या बाबतीत पहिल्या मिनिटालाच खेळ खलास.

पण घरच्या घरी? मिळून पकडला म्हणा आणि मोकळे व्हा. इथे एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे पुढच्या पत्रांना सोपं जाईल, आपण दोन हिशोब एकात मिसळतो. एक माणसामाणसातला, की कोणी पकडला, किती मोठा, नियमात बसतो का. दुसरा माशाबरोबरचा. रॉड कोणी धरला याने माशाला काडीचा फरक पडत नाही, आणि मासा विक्रमात बसला म्हणजे त्याच्याशी नीट वागलो असंही नाही.

प्रश्न: मासा मोठा दिसावा म्हणून हात पुढे लांबवून फोटो काढणं ही फसवणूक आहे का?

हो. पण सगळेच करतात त्यामुळे कोणी फसत नाही.

प्रश्न: मी सगळे मासे सोडून देते, एकही मारत नाही. तरी मैत्रीण म्हणते की तुम्ही मजेसाठी छळता, त्यापेक्षा खाणारा बरा. मी चुकतेय का?

ताई, मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जर्मनीत प्राण्याला योग्य कारणाशिवाय वेदना द्यायच्या नाहीत असा कायदा आहे, आणि तिथे फक्त पकडून फोटो काढून सोडायच्या हेतूने मासेमारी करणं त्यात बसत नाही असंच धरतात, म्हणजे तुम्ही ज्याला पुण्य समजताय तेच तिथे अडचणीचं. माशाला दुखतं का यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या नसांची टोकं सापडली, आणि ओठात अ‍ॅसिड टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते. काहीजण म्हणतात ही वेदना नव्हे, नुसती प्रतिक्रिया. मी आपलं दुखतं असं धरून चालतो, धरून चाललं तर नुकसान माझं थोडंच होतं.

पण तुमच्या पत्रात तुम्ही 'एकही मारत नाही' लिहिलंय ना, तिथे मी जरा अडखळलो. सोडला म्हणजे जगला असं नसतं. १९९२ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला, रेनबो ट्राउटला दमेपर्यंत पळवलं आणि मग काहींना पाण्याबाहेर धरलं. नुसते दमवलेले १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत धरलेले ३८ टक्के, आणि ६० सेकंदवाले ७२ टक्के. पुढच्या १२ तासांत, म्हणजे सोडणाऱ्याच्या नजरेआड. तो प्रयोगशाळेतला प्रकार होता आणि माशांना पार थकवलं होतं, सगळ्या जाती इतक्या नाजूक नसतात, हे मान्य. पण एक मिनिट म्हणजे किती हो? फोन काढायचा, कोणाला तरी हाक मारायची, 'अरे आडवा धर आडवा', परत एक फोटो, झालं की मिनिट.

म्हणून माझा सोडणाऱ्यांशी वाद एवढाच असतो की सोडायचाय ना, मग ते रॉड उचलायच्या आधी ठरवा. उलटा काटा नसलेला गळ लावा किंवा पक्कडीने काटा चेपून टाका, सुटायला एक सेकंद लागतो. लाईन इतकी बारीक नको की मासा तासभर झुंजून अर्धमेला होईल, बारीक लाईनवर मोठा मासा काढला ही शेखी माणसांच्या हिशोबात चालते, माशाच्या नाही. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो. गळ घशात गेला असेल तर उकरत बसू नका, लाईन तोंडाजवळ कापा आणि सोडा, ओढून काढण्यापेक्षा त्यात जगण्याची शक्यता जास्त. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी होतो, ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशासाठी पाणी २० डिग्रीच्या आसपास गेलं की रॉड गुंडाळून ठेवा. आणि खूप खोलातून वर काढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येतं, तो मासा वरच सोडला तर उलटा तरंगत राहतो, त्याला वजन लावून परत खोल न्यावं लागतं. तिथे सोडण्याची हौस करायची असेल तर ते साधन बरोबर पाहिजे, नाहीतर तिथे जाऊच नका.

एवढं सगळं करत असाल तर मैत्रिणीला माझ्याकडे पाठवा. नसाल तर ती जिंकली.

प्रश्न: अंड्यांवर राखण करणारा मासा पटकन चावतो. चावला म्हणजे त्याचीच मर्जी, मग फेअरच ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहिती आहे, फक्त माझी सही हवीय. मिळणार नाही. ब्लॅक बासमध्ये नर घरटं राखतो, तो भुकेने नाही, तर अंड्यांजवळ काहीतरी आलं म्हणून तुटून पडतो. त्याला नाही म्हणायची सोयच नसते, मग वरची मर्जीवाली गोष्ट कुठे राहिली? आणि तुम्ही त्याला वर काढून फोटो काढेपर्यंत आजूबाजूचे छोटे मासे घरट्यावर येऊन अंडी खायला लागतात. तो परत जातो तेव्हा कमी अंडी बघून कधी घरटंच सोडून देतो. नियमात चोख, तोंडात गळ, मासा जिवंत सोडला, आणि तरीही मी म्हणेन नको.

प्रश्न: लहान मासा सोडायचा आणि मोठा ठेवायचा, हेच बरोबर ना? वडिलांनी तेच शिकवलं.

लहान सोडा हे अगदी बरोबर, त्याने अजून एकदाही अंडी दिलेली नसतात. पण दुसऱ्या अर्ध्याबद्दल वडिलांशी जरा बोलायला हवं. मोठी मादी म्हणजे नुसती वजनाने मोठी नसते, वजनाच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त अंडी देते. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात अटलांटिक कॉडचं उदाहरण होतं, ३० किलोची एक मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी देते, म्हणजे त्या २८ जणींचं मिळून वजन ५६ किलो, आणि ही एकटी त्यांना भारी! म्हणून बऱ्याच ठिकाणी नियमच असा असतो की अमुक लांबीच्या खालचा सोडा आणि अमुकच्या वरचाही सोडा, मधला ठेवा. जिथे नियम नाही तिथे मी मधलाच ठेवीन. फक्त मग भिंतीवर लावायला काही उरत नाही, हे दुःख खरं आहे.

प्रश्न: लाईव्ह सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं त्याच क्षणी दाखवणारं यंत्र, लावून स्क्रीनवर मासा बघत त्याच्या तोंडासमोर आमिष टाकणं ही चीटिंग आहे का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून फाटाफूट व्हायची वेळ आलीय.

तुमच्याच नाही, व्यावसायिक स्पर्धांमध्येही हेच चाललंय. अमेरिकेत मासेमारीच्या स्पर्धा भरवणाऱ्या मेजर लीग फिशिंगने २०२५ च्या मोसमात आपल्या सर्वात वरच्या स्पर्धेत दिवसाच्या तीनपैकी एकाच सत्रात असा सोनार वापरायची परवानगी ठेवली. मला विचाराल तर सोनारने मासा दिसतो, चावायला लावत नाही, स्क्रीनवर आमिषापर्यंत येऊन मागे फिरणारे मासे बघून भलेभले रडकुंडीला येतात. तेव्हा माशाच्या बाजूने मला फार तक्रार नाही. माणसांच्या बाजूने आहे, एकाकडे यंत्र आणि दुसऱ्याकडे नाही तर ती स्पर्धा कसली.

चीटिंग बघायची असेल तर २०२२ मध्ये लेक एरीवर झालं ते बघा, स्पर्धेत पहिला नंबर आलेल्या जोडीचे मासे आयोजकाने चिरले आणि आतून शिशाचे गोळे निघाले. दोघांना जेल झाली, बोट गेली. आणि दुसऱ्या टोकाला मनाबू कुरिता, जपानच्या बिवा तलावात २००९ मध्ये त्याने असा लार्जमाउथ बास काढला की वजनाचा १९३२ चा जुना विक्रम तो जेमतेम एका औंसाने (साधारण २८ ग्रॅम) ओलांडत होता, पण नवा विक्रम धरायला निदान दोन औंस जास्त लागतात, त्यामुळे बरोबरी एवढंच मिळालं. त्यातही कोणीतरी म्हणालं मनाई असलेल्या जागी पकडला, मग त्याला खोटं पकडायच्या यंत्रावर बसवलं, त्यात पास झाला तेव्हा कुठे नाव लागलं.

तुमच्या ग्रुपसाठी साधा तोडगा, पैज असेल त्या दिवशी सोनार सगळ्यांचे बंद, एरवी ज्याचे त्याचे.