सात वर्षं जुना लॅपटॉप दुरुस्त करून घ्यावा की नवीनच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१८ चा आहे, आठव्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो, मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि दुकानदार म्हणतो, "यात काही राहिलं नाही, नवीनच घ्या."

नवीन घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. मी नाशिकमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो आणि असं मशीन माझ्या टेबलावर कायम येतं. त्यात प्रोसेसर ठणठणीत असतो. सगळं रखडवते ती हार्ड डिस्क.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरीच बघा. लॅपटॉप चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. डिस्क १०० टक्के दिसतेय, पण खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं असेल तर दुखणं सापडलं. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून उचलायच्या असतात, आणि प्रत्येक वेळी डिस्कला ती जागा सुईखाली यायची वाट बघावी लागते. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लागणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या काही अंशात होतं. म्हणून एसएसडी टाकल्यावर तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात आहेत ते कळतं. दोनपैकी एक रिकामा असेल तर जुनी ४ जीबी राहू द्या, शेजारी ८ जीबीची डीडीआर-४ प्रकारची रॅम लावा. १२ जीबी होते आणि अभ्यासाला ती पुरते. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली आहे, म्हणून नाशिकमध्ये एम.जी. रोड, कॉलेज रोड अशा दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. वापरलेली रॅम तपासून घ्यायला माझी हरकत नसते. वापरलेली एसएसडी मात्र मी कोणालाच घेऊ देत नाही, कारण तिचं लिहिण्याचं आयुष्य किती खर्ची पडलंय ते तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या कळणार नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी आधी.

एसएसडी घेताना मॉडेल नंबर सांगूनच घ्या. काही लॅपटॉपमध्ये एम.२ चा, म्हणजे पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा स्लॉट असतो, काहींत फक्त अडीच इंची साटाची, म्हणजे हार्ड डिस्कच्याच आकाराची जागा. एम.२ मध्येही जोडणीचे दोन प्रकार आहेत, जास्त वेगवान एनव्हीएमई आणि जुनी साटा. काही स्लॉट एनव्हीएमई घेतात, काही फक्त साटा. चुकीची आणली तर कधी ती बसतच नाही, कधी बसते पण लॅपटॉपला दिसत नाही.

लॅपटॉप उघडलाच आहे तर फॅनही साफ करून घ्या. बाहेरून ब्लोअर मारून काही होत नाही. फॅन काढला की तांब्याच्या नळीच्या टोकाला जी बारीक पात्यांची जाळी असते, तिच्या आतल्या बाजूला नमद्यासारखी धुळीची पट्टी बसलेली दिसते. चिमट्याने धरली की अख्खी एका तुकड्यात निघते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून येणाऱ्या मशीनमध्ये तर ती काळी आणि तेलकट असते. हवा कोंडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, एप्रिल-मे महिन्यांत तर हमखास. सोबत प्रोसेसरची उष्णता त्या नळीकडे पोचवणारी थर्मल पेस्ट सुकली असेल, तीही बदलून घ्या.

विंडोजचंही बघायला हवं. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची सुरक्षा अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, म्हणजे तुमचा लॅपटॉप नेमका आत बसतो. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असा संदेश आला तर ते बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतं, दुकानदाराला चालू करून द्यायला सांगा. हाच लॅपटॉप सातव्या पिढीचा असता तर मी खर्च करण्याआधी दोनदा विचार करायला सांगितलं असतं.

दुकानात देण्याआधी मुलीचा डेटा बाहेर काढून ठेवा. काम शक्यतो समोर बसून करून घ्या, एसएसडीचं वॉरंटीसह बिल घ्या आणि जुनी हार्ड डिस्क परत मागून घ्या. तिच्यात मार्कशीट, आधार, घरचे फोटो, सगळं असतं. ती तिथे सोडून येणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. अशा वेळी चार्जिंग लगेच बंद करा, ती टोचू-दाबू नका आणि आधी बॅटरी बदला. मदरबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही गेले असतील, तरच दुकानदाराचं म्हणणं बरोबर.

मुलीची शाखा कोणती ते लिहिलेलं नाही. कोडिंग, रिपोर्ट, साधं टू-डी ड्रॉइंग एवढं असेल तर हा लॅपटॉप आरामात पुढची काही वर्षं काढेल. मोठी थ्री-डी मॉडेल्स करायची असतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते यात नंतर बसवता येत नाही. शाखा आणि खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर कळवा, कोणती एसएसडी बसेल ते सांगतो.